जन्मापासून आहे म्हणून क्यूच लावायचा का? : वाचकांचे कोडिंगचे प्रश्न

मागच्या अंकात नवजात बाळाच्या चार्टबद्दल सहज दोन परिच्छेद लिहिले होते, त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक जन्मजात दोष आणि आनुवंशिक आजारांच्या कोडिंगलाच द्यावा लागतोय. बहुतेक पत्रं नाशिकमधल्या क्लासच्या मुलामुलींची आहेत, काही नाइट शिफ्ट करणाऱ्यांची, आणि एक पत्र एका बाबांचं, ज्यांचा कोडिंगशी काही संबंध नाही पण कागदावरच्या कोडने ज्यांची झोप उडवलीय. कोडिंग म्हणजे डॉक्टरने चार्टवर लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड देणं, आणि इथे कोड म्हणजे अमेरिकन चार्टसाठी आपण वापरतो ती आयसीडी-१०-सीएम ही आजारांची यादी, वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय.

प्रश्न : ताई, मी बी.फार्म. आहे, सिडकोत राहते, कॉलेज रोडला कोडिंगचा क्लास लावलाय. सरांनी सांगितलं क्यू चॅप्टर म्हणजे जन्मजात सगळं. मग सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे पण जन्मापासूनच असतं ना, आईवडलांकडूनच येतं, तरी ते डी मध्ये का? सर म्हणाले पाठ करून टाक. पण मला पाठ नाही करायचं, समजून घ्यायचंय.

उत्तर : पाठ करू नकोसच. तुझ्या सरांचं वाक्य अर्धं बरोबर आहे आणि त्या उरलेल्या अर्ध्यावरच परीक्षेत मार्क जातात. क्यू म्हणजे सतरावा चॅप्टर, क्यू ०० ते क्यू ९९, आणि त्यात मुख्यतः दोन गोष्टी येतात : शरीराची घडण पोटात असतानाच बिघडली असेल तर ती, आणि क्रोमोसोमची गडबड, जी शेवटी क्यू ९० ते ९९ मध्ये बसते. आजार जीनमुळे आला का, आईकडून आला की बापाकडून, हे तो चॅप्टर विचारतच नाही. जिथे रक्त बिघडलंय तिथे रक्ताचा चॅप्टर, जिथे चयापचय बिघडलंय तिथे ई, जिथे नस किंवा स्नायू तिथे जी. म्हणून सिकल सेल डी ५७, थॅलेसेमिया डी ५६, हिमोफिलिया ए डी ६६ आणि बी डी ६७, सिस्टिक फायब्रोसिस ई ८४, फिनाइलकीटोन्युरिया ई ७०.०, ड्युशेन हा स्नायूंचा आजार जी ७१.०१, एसएमए टाइप वन हा नसांचा आजार जी १२.०. क्यू चॅप्टर उघडलास की अगदी सुरुवातीलाच एक्सक्लूड्स टू ची (इथे न धरलेल्या आजारांची) नोट आहे बघ, चयापचयाचे जन्मजात दोष ई ७० ते ई ८८ मध्ये जा म्हणून, ती नोट कुणी वाचत नाही, सगळे सरळ कोडवर उडी मारतात.

आता उलटं बघ. मारफान सिंड्रोम एकाच जीनमुळे होतो, पण तो क्यू ८७.४ मध्ये. अकॉन्ड्रोप्लेसिया क्यू ७७.४, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा क्यू ७८.०, न्यूरोफायब्रोमॅटोसिस क्यू ८५.०. हे सगळे जीनचेच आजार, पण हाडं, सांधे, त्वचा, अंगाची ठेवण यात दिसतात म्हणून क्यू मध्ये बसवलेत. आणि ज्यांच्या नावातच कंजेनायटल आहे ते तरी सगळे क्यू मध्ये आहेत का? जन्मजात इन्ग्वायनल हर्निया के ४० मध्ये, जन्मजात हायड्रोसील पी ८३.५, गॉयटर नसलेलं जन्मजात हायपोथायरॉइड ई ०३.१, आईकडून आलेला सिफिलिस ए ५०, जन्मजात रुबेला पी ३५.०. म्हणून आधी इंडेक्स (आजारांच्या नावांची यादी), मग टॅब्युलर (कोडच्या क्रमाची यादी), आणि टॅब्युलरमध्ये गेल्यावर चॅप्टरच्या, ब्लॉकच्या आणि कॅटेगरीच्या तिन्ही नोटा. क्यूवरून अंदाज बांधायचा नाही.

सिकल सेलबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हा आजार आपल्यासाठी फक्त पुस्तकातला नाही. सुरगाणा, पेठ, कळवण या आपल्याच आदिवासी पट्ट्यात तो आहे, आणि देशपातळीवरचं सिकल सेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं, उद्दिष्ट २०४७ पर्यंतचं. तिथल्या तपासणीत दोन प्रकारची माणसं सापडतात, रुग्ण आणि वाहक (जीन आहे पण आजार नाही), आणि कोडिंगमध्येही हाच फरक जपायचा असतो. वाहक असेल तर डी ५७.३, रुग्ण आहे पण क्रायसिस (दुखण्याचा अचानक झटका) नाही तर डी ५७.१, क्रायसिससोबत अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम असेल तर डी ५७.०१, प्लीहेत रक्त अडकलं असेल तर डी ५७.०२. पोरं डॉक्टरने एससीडी (सिकल सेल डिसीज) लिहिलं की डोळे झाकून डी ५७.१ ठोकतात, खाली तिसऱ्या पानावर क्रायसिसची नोंद असते ती बघतच नाहीत. आणि वाहक म्हटलं की झेड १४ या वाहकांच्या कोडकडे पळू नकोस. हिमोफिलिया ए ची लक्षणं नसलेली वाहक बाई झेड १४.०१, सिस्टिक फायब्रोसिसचा वाहक झेड १४.१, पण सिकल सेलच्या वाहकाला डी ५७.३ आणि थॅलेसेमिया मायनरला डी ५६.३ असे त्यांच्या घरातलेच कोड आहेत. असं का केलं विचारू नकोस, पुस्तकात तसं आहे.

प्रश्न : मॅडम, पाथर्डी फाट्यावर राहतो, ऑर्थोचे चार्ट करतो. चार्टवर होतं कंजेनायटल क्लबफूट (जन्मजात वाकडा पाय), राइट. मी क्यू ६६.०१ दिला, ऑडिटरने (आमचे कोड तपासणाऱ्याने) एरर मारली, म्हणाला क्यू ६६.८९. क्लबफूट म्हणजेच टॅलिपीस इक्विनोव्हॅरस ना? आमच्यात त्यावरून खूप वाजलं.

उत्तर : वाजणारच, पण ऑडिटर बरोबर आहे. डॉक्टरी भाषेत क्लबफूट म्हटलं की नव्वद टक्के लोकांच्या डोळ्यांसमोर इक्विनोव्हॅरसच येतो, तुझं तिथे चुकलं नाही. पण आपण डॉक्टरच्या मनातलं कोड करत नाही, कागदावरचं करतो. इंडेक्समध्ये क्लबफूट शोध, त्याच्यासमोर सरळ क्यू ६६.८९ आहे, आणि त्याखाली आत ढकलून इक्विनोव्हॅरस अशी वेगळी ओळ आहे तिच्यापुढे क्यू ६६.०. टॅब्युलरमध्ये क्यू ६६.८९ खाली कंजेनायटल क्लबफूट एनओएस (म्हणजे प्रकार न सांगितलेला) असं चक्क लिहिलंय. म्हणजे डॉक्टरने प्रकार लिहिला नाही तर तू प्रकार ठरवायचा नाही.

आता उजवा पाय लिहिलाय म्हणून मोह होतो, कारण क्यू ६६.०१ उजवा आणि क्यू ६६.०२ डावा असे कोड ऑक्टोबर २०१९ पासून आले आणि बाजू दिसली की हात तिकडे जातो. पण बाजू कळली म्हणून प्रकार कळला असं होत नाही. योग्य वाट म्हणजे आधी पूर्ण चार्ट वाचायचा. ऑपरेशन नोटमध्ये किंवा प्लास्टरच्या नोटमध्ये डॉक्टरने स्वतः इक्विनोव्हॅरस लिहिलेलं असतं बऱ्याचदा, मग तो कोड हक्काने लाव. कुठेच नसेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न, टाक, आणि क्वेरीत आमच्या मते हा इक्विनोव्हॅरस आहे तर कन्फर्म करा असं लिहू नकोस, त्याला लीडिंग क्वेरी म्हणतात आणि त्यावर वेगळी एरर मिळते. पाय कुठल्या प्रकारचा आहे ते लिहावं, एवढंच विचार. अकाउंट (ज्या क्लायंटचे चार्ट आहेत तो) क्वेरी घेत नसेल तर क्यू ६६.८९ देऊन पुढे जा. टार्गेट पण आहे ना.

प्रश्न : टेट्रालॉजी ऑफ फॅलो या हृदयाच्या आजारात चार दोष असतात, मग चार कोड ना? आणि डाउन सिंड्रोमच्या बाळाला हार्टचा प्रॉब्लेम असला तर तो पण डाउनमध्येच धरायचा का? क्लासमध्ये दोन मुलींची दोन उत्तरं आली.

उत्तर : दोन्ही प्रश्न एकाच नियमाचे आहेत, कोडमध्ये जे आधीच आलंय ते परत वेगळं लावायचं नाही, फक्त उत्तरं विरुद्ध येतात. फॅलोचा कोड क्यू २१.३ आणि त्या कोडच्या खालीच लिहिलंय की व्हेंट्रिकलच्या पडद्यातलं भोक, फुप्फुसाकडच्या वाटेचा अडथळा, सरकलेली महाधमनी आणि उजव्या कप्प्याची जाडी हे सगळं त्यात आलं. तर परत क्यू २१.० वेगळा लावला तर एकच भोक दोनदा मोजलं. तसंच ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेले असतील तर क्यू ३७, क्यू ३५ आणि क्यू ३६ अशी जोडी नाही.

डाउनचं तसं नाही. डाउन झालेल्या प्रत्येक बाळाला हृदयदोष असतोच असं नाही, त्यामुळे तो डाउनच्या कोडमध्ये गुंडाळलेला नाही. क्यू ९० च्या खाली स्पष्ट सूचना आहे, सोबतच्या शारीरिक तक्रारी आणि बौद्धिक अक्षमतेची पातळी यांचे कोड जोडा म्हणून. म्हणजे डाउनसोबत पूर्ण एव्ही कॅनाल (हृदयाच्या मधल्या पडद्यांतला दोष) असेल तर क्यू ९० मधला कोड आणि सोबत क्यू २१.२३. क्यू ९० मधला म्हणजे कुठला? नॉनमोझेक ट्रायसोमी २१ असेल तर क्यू ९०.०, मोझेक क्यू ९०.१, ट्रान्सलोकेशन क्यू ९०.२, आणि डॉक्टरने फक्त डाउन लिहून सोडलं तर क्यू ९०.९. फाइलमध्ये कॅरिओटाइपचा (क्रोमोसोमच्या तपासणीचा) रिपोर्ट दिसतोय म्हणून इनपेशंट चार्टवर तू स्वतः क्यू ९०.२ उचलायचा नाही हां, डॉक्टरच्या नोटमध्ये ते यायला हवं.

जन्माच्याच अ‍ॅडमिशनचा चार्ट असेल तर पहिला कोड कायम झेड ३८ मधला, नॉर्मल डिलिव्हरीचं एकच बाळ झेड ३८.००, सिझेरियनचं झेड ३८.०१, आणि त्यानंतर क्यू. दोष कितीही मोठा असला तरी. पण तेच बाळ दुसऱ्या हॉस्पिटलला हलवलं तर तिथे झेड ३८ लागत नाही, तो जन्माच्या ठिकाणी एकदाच. ही ट्रान्सफरची गोष्ट इंटरव्ह्यूला हमखास विचारतात.

प्रश्न : ओपीडी चार्टवर सस्पेक्टेड डाउन सिंड्रोम, कॅरिओटाइप सेंट एवढंच आहे. क्यू ९०.९ चालेल?

उत्तर : नाही. ओपीडीत सस्पेक्टेड, प्रोबेबल, रूल आउट हे शब्द असले की तो आजार कोड करायचा नाही, जे लक्षण लिहिलंय ते करायचं, म्हणजे बाळ ढिलं असल्याचं जन्मजात हायपोटोनिया म्हणून लिहिलं असेल तर पी ९४.२. इनपेशंटला डिस्चार्जच्या वेळी प्रोबेबल लिहिलं असेल तर नियम वेगळा, तिथे आहे असं धरून कोड करतात. आणि हा कोड मुलाच्या रेकॉर्डला कायमचा चिकटतो हे डोक्यात ठेव.

प्रश्न : ताई, पेशंट ४६ वर्षांचा, बायकस्पिड एऑर्टिक व्हॉल्व्ह (महाधमनीची तीनऐवजी दोन पाकळ्यांची झडप) आत्ता सापडला. एवढ्या मोठ्या माणसाला जन्मजात कोड द्यायचा? टीएल (टीम लीडर) म्हणतात क्यू म्हणजे पीडियाट्रिक.

उत्तर : टीएलना माझा नमस्कार सांगा आणि गाइडलाइनचा सतराव्या चॅप्टरचा भाग उघडून समोर ठेवा. क्यूचे कोड आयुष्यभर वापरता येतात, दोष जन्मापासूनचा असला तरी कळला ४६ व्या वर्षी तर ४६ व्या वर्षी लावायचा, त्यात वयाची अट नाही. बायकस्पिड व्हॉल्व्हला ऑक्टोबर २०२४ पासून स्वतःचा कोड मिळालाय, क्यू २३.८१, त्याआधी तो क्यू २३.१ मध्ये जायचा.

वय नाही, दुरुस्ती झाली की नाही हे बघायचं. लहानपणी पीडीए (जन्मानंतर उघडीच राहिलेली हृदयाजवळची रक्तवाहिनी) बंद केला, आता काही शिल्लक नाही, पेशंट सर्दीखोकल्याला आलाय, तर क्यू २५.० नाही, झेड ८७.७४ म्हणजे दुरुस्त झालेल्या हृदयदोषाचा इतिहास. फाटलेला ओठ शिवून झाला असेल तर झेड ८७.७३०. पण ऑपरेशन झालंय म्हणून दरवेळी झेडकडे जायचं असंही नाही. फॅलो दुरुस्त केला पण पडद्यात थोडं भोक राहिलंय आणि कार्डिओलॉजिस्ट त्याच्यावरच लक्ष ठेवून आहे असं नोटमध्ये असेल, तर ते राहिलेलं भोक आजही आहे, इतिहास झालेलं नाही. स्टेटस पोस्ट (अमुक ऑपरेशन झालेलं) एवढे दोन शब्द वाचून निर्णय घेणारे कोडर मी भरपूर बघितलेत, आणि त्यांचे चार्ट परत माझ्याकडेच येतात.

प्रश्न : आईच्या चार्टवर अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये बाळाच्या हृदयात दोष दिसलाय. क्यू लावू?

उत्तर : बाळाच्या दोषासाठी आईच्या रेकॉर्डवर क्यू कधीच नाही. तिथे ओ ३५, हृदयदोषाला ओ ३५.बी, ट्रायसोमी २१ ला ओ ३५.१३, हे बारीक कोड ऑक्टोबर २०२२ ला आले. कोडमधली रिकामी जागा भरणारे एक्स आणि कुठला गर्भ ते सांगणारा सातवा कॅरेक्टर विसरू नकोस. आणि बाळाच्या दोषामुळे आईच्या उपचारात, तपासण्यांत काही बदललं असेल तरच लावायचा.

प्रश्न : मी कोडर नाही. नाशिकरोडला राहतो. आमची मुलगी सव्वा महिन्याची आहे, हृदयाला छोटं छिद्र आहे असं सांगितलं. डिस्चार्जच्या कागदावर क्यू २१.० लिहिलंय. गुगल केलं तर जन्मजात आणि क्रोमोसोमचे आजार असं आलं. घरात आता कुणाच्या घराण्यात होतं यावर बोलणी सुरू झालीत, बायको जेवत नाही नीट. शिवाय इन्शुरन्सवाला म्हणतो कंजेनायटल आहे, क्लेम बघावं लागेल. आपण यातलं काम करता म्हणून विचारतो.

उत्तर : दादा, आधी घरातली बोलणी थांबवा. क्यू २१.० चा अर्थ एवढाच की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र आहे आणि ते जन्मापासून आहे. त्या कोडमध्ये घराणं नाही, आई नाही, बाप नाही. क्रोमोसोमचे आजार त्याच चॅप्टरच्या शेवटी छापलेत म्हणून गुगलने दोन्ही एकत्र दाखवलं, एवढाच त्याचा संबंध. बहुतेक बाळांमध्ये अशा छिद्रामागे एक ठरावीक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि आईने गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय केलं यावर तर मुळीच नाही. हा कागद सासूबाईंना वाचून दाखवला तरी चालेल. छोटी छिद्रं बरीचशी आपोआप बंदही होतात, तुमच्या मुलीचं कुठल्या जागी आहे, किती मोठं आहे, पुढचा इको कधी करायचा हे लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, आणि दूध पिताना दमते का, घाम येतो का, वजन वाढतंय का हे लिहून न्या.

इन्शुरन्सचं असं आहे की कंजेनायटल म्हटलं म्हणून विषय संपत नाही. आपल्याकडे आयआरडीएआयच्या (विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) ठरवून दिलेल्या व्याख्येत जन्मजात दोषाचे दोन प्रकार आहेत, बाहेरून दिसणाऱ्या भागातला एक्स्टर्नल आणि न दिसणाऱ्या भागातला इंटर्नल. हृदयातलं छिद्र इंटर्नल. पॉलिस्यांमध्ये जे वगळलेलं असतं ते बहुतेकदा एक्स्टर्नल. तुमची पॉलिसी काढा, एक्स्क्लूजनचं पान वाचा, नवजात बाळाला कव्हर कितव्या दिवसापासून आणि नाव कधी जोडायचं ते बघा, आणि एजंट तोंडी काय बोलला ते सोडून द्या, जे काही नाकारायचं ते कलम नंबरासह लेखी मागा. डिस्चार्ज समरीवर नुसतं कंजेनायटल हार्ट डिसीज असं मोघम लिहिलं असेल तर दोषाचं पूर्ण नाव लिहून घ्या, मोघम कागदावर प्रश्न जास्त निघतात.

आणि पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं नाव लक्षात ठेवा. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झालेला आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि जन्मजात हृदयदोष, क्लबफूट, फाटलेला ओठ, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा हे त्याच्या यादीत आहेत. त्र्यंबक रोडला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन या कार्यक्रमाबद्दल विचारा, सगळे कागद आणि इकोचा रिपोर्ट झेरॉक्ससह न्या. वहिनींना आधी जेवायला घाला.

प्रश्न : सीनियरकडून २०२१ ची कोडबुकं स्वस्तात मिळतायत. प्रॅक्टिसला चालतील का? आणि आता आयसीडी-११ येतंय तर हे शिकून उपयोग आहे का?

उत्तर : आयसीडी-११ डब्ल्यूएचओने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलंय, त्यात जन्मजात दोषांचा विसावा चॅप्टर आहे, कोडची धाटणी पण वेगळी, पूर्ण ट्रायसोमी २१ तिथे एलडी ४०.०. पण अमेरिकेचे चार्ट आजही आयसीडी-१०-सीएमवर चालतात आणि तुझा पगार त्या चार्टवर येणार आहे. त्यांनी नऊवरून दहावर यायलाच १ ऑक्टोबर २०१५ उजाडला, तेव्हा घाबरू नकोस.

पुस्तकांचं म्हणशील तर इंडेक्स कसा उलटायचा, नोटा कशा वाचायच्या याचा सराव जुन्यावर होईल. पण उत्तरं त्यावरून जुळवायला बसलीस तर क्यू चॅप्टरमध्येच फसशील. एएसडीचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या छिद्राचा) एकटा क्यू २१.१ होता, तो ऑक्टोबर २०२२ ला फुटला, आता सेकंडम क्यू २१.११, पीएफओ क्यू २१.१२, सायनस व्हेनोससचे आणखी वेगळे. क्यू २१.२ पण तेव्हाच फुटला. कवटीचे सांधे लवकर जुळण्याचा क्यू ७५.० पुढच्या वर्षी फुटला. म्हणजे २०२१ च्या पुस्तकातला क्यू २१.१ आज टाकलास तर सॉफ्टवेअरच तो इनव्हॅलिड म्हणून परत करेल. सीपीसी या कोडरच्या परीक्षेला १०० प्रश्न आणि ४ तास असतात, पुस्तक जवळ ठेवता येतं, तेव्हा ते चालू वर्षाचंच घे, तिथे कंजूषी नको.

जुनं अगदीच टाकाऊ नाही मात्र. कोड लावताना तारीख बघतात ती डिस्चार्जची, ओपीडी असेल तर व्हिजिटची, त्यामुळे ऑक्टोबर २०२२ च्या आधीचा चार्ट रीऑडिटला आला की तेव्हाचेच कोड लागतात आणि ते त्या वर्षाच्या जुन्या पुस्तकातच सापडतात. तर शंभर-दोनशेत मिळत असेल तर घे, फक्त पुस्तकाच्या पाठीवर मार्करने वर्ष मोठ्ठं लिहून ठेव, नाइट शिफ्टला रात्री तीन वाजता दोन्ही पुस्तकं सारखीच दिसतात.